तुमचे प्रश्न : फॉर्म अडला, पण का अडला ते कोण सांगणार?

ह्या वेळी फॉर्मच्या एरर मेसेजवरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. एक आधीच सांगून ठेवते, कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितेय, एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. जावास्क्रिप्टमधलं सेटकस्टमव्हॅलिडिटीसारखं जोडनाव असेल तर मधे स्पेस नाही, पहिला शब्द स्मॉलमध्ये आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल (इनरएचटीएमएलमधलं एचटीएमएल मात्र अख्खं कॅपिटल, आणि ॲबॉर्टकंट्रोलरचा पहिला ए सुद्धा). एचटीएमएलची ॲट्रिब्यूट मात्र सगळी स्मॉलमध्ये.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी साइट पूर्ण मराठीत आहे, एचटीएमएल टॅगला लँगसुद्धा मराठीचं दिलंय, तरी रिकामा फॉर्म सबमिट केला की 'प्लीज फिल आउट धिस फील्ड' असं इंग्रजीतच येतं. मित्राच्या मोबाइलवर तेच हिंदीत आलं. हे बदलायचं कुठून?

तो मेसेज तुमच्या पानाचा नाहीच, ब्राउझरचा आहे. तुम्ही इनपुटला रिक्वायर्ड लावलंत की तपासणी आणि मेसेज दोन्ही ब्राउझर स्वतःकडे घेतो, आणि मेसेजची भाषा ठरते ती वापरणाऱ्याच्या ब्राउझरच्या सेटिंगवरून, म्हणजे ज्याचे मेनू हिंदीत त्याला मेसेज हिंदीत. लँग ॲट्रिब्यूटचा ह्याच्याशी काही संबंध नाही. ते ठेवा मात्र, स्क्रीन रीडरला (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) उच्चार कुठल्या भाषेत करायचा ते त्यावरून कळतं.

आपला मेसेज लावायला सेटकस्टमव्हॅलिडिटी नावाचं फंक्शन प्रत्येक इनपुटला असतंच, त्यात तुमचं वाक्य द्यायचं. इनपुट चुकीचं ठरलं की ब्राउझर त्याच्यावर इनव्हॅलिड नावाचा इव्हेंट उडवतो, तो पकडायचा आणि त्यात हे फंक्शन बोलवायचं. पण सगळ्यालाच एक मेसेज नको. ईमेलचं फील्ड रिकामं असणं वेगळं आणि त्यात ॲटचं चिन्ह टाकायचं राहून गेलेलं असणं वेगळं. कुठे चुकलं ते इनपुटच्या व्हॅलिडिटी ऑब्जेक्टमध्ये लिहिलेलं असतं : रिकामं असेल तर व्हॅल्यूमिसिंग ट्रू, ईमेल किंवा यूआरएल नीट नसेल तर टाइपमिसमॅच, पॅटर्न जुळला नाही तर पॅटर्नमिसमॅच, आकडा कमी-जास्त झाला तर रेंजअंडरफ्लो नाहीतर रेंजओव्हरफ्लो, अशी बरीच आहेत. ती बघून ज्याचं त्याचं वाक्य द्या.

फॉर्ममध्ये पंधरावीस इनपुट असतील आणि एकाच ठिकाणी सगळं पकडायचं असेल तर फॉर्मवर लिसनर लावता येतो, फक्त इनव्हॅलिड हा इव्हेंट वर बबल होत नाही, म्हणजे इनपुटवरून फॉर्मपर्यंत चढत नाही, त्यामुळे ॲडइव्हेंटलिसनरला तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्यायचं, म्हणजे तो वरून खाली येतानाच पकडला जातो. नाही दिलं तर लिसनर लावलाय पण चालतच नाही असं वाटत राहतं, कन्सोलमध्ये एररही नाही.

प्रश्न : मॅडम, मी ऑनइनव्हॅलिडमध्ये सेटकस्टमव्हॅलिडिटी लावलं, मेसेज मराठीत मस्त आला. पण आता सगळं बरोबर भरलं तरी तोच मेसेज येतोय, फॉर्म पुढेच जात नाही!! रीफ्रेश करून पहिल्यांदाच बरोबर भरलं तर जातो. काय होतंय?

ह्या एका गोष्टीवर किती जणांची संध्याकाळ गेली असेल देव जाणे. सेटकस्टमव्हॅलिडिटी नुसता मेसेज बदलत नाही, ते त्या इनपुटवर 'हे चुकीचं आहे' असा शिक्का मारतं. व्हॅलिडिटीमध्ये कस्टमएरर ट्रू होतं आणि तुम्ही स्वतः काढेपर्यंत ते तसंच राहतं, मग फील्डमध्ये काहीही असो. म्हणजे पहिल्या चुकीला मेसेज लागला, माणसाने नाव भरलं, सबमिट दाबलं, ब्राउझर बघतो तर कस्टमएरर अजून आहेच, परत इनव्हॅलिड, परत तुमचा हँडलर, परत मेसेज. गोल गोल.

सोडवायचं असं, की इनपुट इव्हेंटवर, म्हणजे माणसाने एक अक्षर जरी बदललं तरी, सेटकस्टमव्हॅलिडिटीला रिकामी स्ट्रिंग द्यायची. रिकामी म्हणजे खरोखर रिकामी, दोन कोट्सच्या मधे स्पेससुद्धा नको, स्पेस असेल तर ब्राउझरच्या दृष्टीने तोही मेसेजच. आणि इनव्हॅलिडच्या हँडलरमध्येही पहिल्या ओळीत आधी रिकामं करून घ्या, मग व्हॅलिडिटी तपासून नवीन वाक्य लावा, म्हणजे मागचं शिळं वाक्य राहत नाही.

रेडिओ बटणांमध्ये ह्याचाच चुलतभाऊ भेटतो. तीन रेडिओ, नाव एकच, काहीच निवडलं नाही म्हणून मेसेज लागला पहिल्यावर. माणसाने दुसरं निवडलं, तर इव्हेंट दुसऱ्यावर येतो आणि पहिल्यावरचा शिक्का तसाच. त्यामुळे ग्रुपमधलं कुठलंही बदललं की त्या नावाच्या सगळ्या रेडिओंवरून मेसेज काढायचा. पासवर्ड आणि 'पासवर्ड पुन्हा टाका' ह्या जोडीचंही तेच, मेसेज दुसऱ्या फील्डवर असतो पण माणूस जाऊन पहिलं दुरुस्त करतो, म्हणून तुलना दोन्ही फील्डच्या इनपुट इव्हेंटवर करायची.

प्रश्न : सबमिट दाबल्यावर काहीच होत नाही. मेसेज नाही, लाल बॉर्डर नाही, फॉर्म जात पण नाही. फक्त क्रोममध्ये एफ १२ दाबलं की कन्सोलला 'नॉट फोकसेबल' असं काहीतरी येतं.

तुमच्या फॉर्ममध्ये कुठेतरी लपवलेलं रिक्वायर्ड फील्ड आहे. टॅबमध्ये असेल, 'इतर' निवडल्यावरच उघडणारं असेल, डिस्प्ले नन केलेलं. ब्राउझरला ते रिकामं दिसतं, मेसेज दाखवायचा तर आधी तिथे फोकस न्यायला हवा, आणि जे स्क्रीनवरच नाही तिथे फोकस नेणार कसा. फील्ड लपवताना त्याला डिसेबल्ड करा, दाखवताना काढा. डिसेबल्ड फील्ड तपासणीतून पूर्ण वगळलं जातं आणि त्याची व्हॅल्यू सर्व्हरकडेही जात नाही, जे बहुतेक वेळा तुम्हाला हवंच असतं.

प्रश्न : ताई, ब्राउझरचा तो मेसेजचा छोटा फुगा डिझायनरला आवडत नाही. रंग, फाँट काहीच बदलता येत नाही का? सीएसएसने ट्राय केलं. आणि एका वेळी एकच चूक दिसते, क्लायंट म्हणतो सगळ्या एकदम दिसू देत.

फुग्याला सीएसएस लागत नाही. क्रोमच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी एक सोय होती, ती कधीच काढून टाकली, आणि तेव्हाचे नुस्खे अजून इकडेतिकडे फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. एकच चूक दिसणं हेही असंच, ब्राउझर पहिल्या चुकलेल्या फील्डवर फोकस नेतो आणि फुगा तिथेच दाखवतो. दाखवतो आणि थोड्या वेळात घालवूनही टाकतो, हळू वाचणाऱ्याचं काय होत असेल विचार करा. तेव्हा डिझायनरचं कारण काही का असेना, स्वतःचे मेसेज फील्डखाली कायम दिसतील असे लावावेत ह्या मताची मी आहे.

पद्धत अशी. फॉर्मला नोव्हॅलिडेट लावायचं. त्याने फक्त सबमिटच्या वेळची आपोआप तपासणी बंद होते, रिक्वायर्ड, पॅटर्न, मिनलेंथ हे सगळं जागेवर राहतं आणि चेकव्हॅलिडिटी बोलावलं की उत्तरही देतं. मग सबमिट इव्हेंटमध्ये प्रत्येक फील्ड तपासा, चुकलेल्याखाली स्पॅनमध्ये वाक्य लिहा, पहिल्या चुकलेल्यावर फोकस न्या आणि फॉर्म थांबवा. नोव्हॅलिडेट एचटीएमएलमध्ये न लिहिता जावास्क्रिप्टने लावलंत तर जास्त बरं, कारण स्क्रिप्ट लोडच झाली नाही तर निदान ब्राउझरचा फुगा तरी कामाला येतो.

मेसेज टाकताना टेक्स्टकंटेंट वापरा, इनरएचटीएमएल नको. माणसाने टाइप केलेलं मेसेजमध्ये परत दाखवायची सवय असते ('अमुकतमुक हा ईमेल चालत नाही'), आणि कुणी ईमेलच्या जागी स्क्रिप्ट टॅग किंवा तसलं काही टाकलं तर ते तुमच्याच पानात जाऊन बसतं.

आता जो भाग सगळे सोडून देतात तो. फील्डखाली लाल अक्षरं आली हे डोळ्यांना कळतं, स्क्रीन रीडरला ती त्या फील्डची आहेत हे कसं कळणार? स्पॅनला आयडी द्या, इनपुटच्या एरिया डिस्क्राइब्डबाय ॲट्रिब्यूटमध्ये (एरियानंतर हायफन) तो आयडी लिहा, आणि चूक असेपर्यंत एरिया इनव्हॅलिड ट्रू ठेवा. म्हणजे फोकस गेला की लेबलच्या मागोमाग मेसेजही वाचला जातो. आधीपासून मदतीचं वाक्य असेल, 'पासवर्ड किमान ८ अक्षरांचा' वगैरे, तर दोन्ही आयडी मधे स्पेस देऊन लिहिता येतात. प्रत्येक स्पॅनला रोल अलर्ट (मजकूर आला की स्क्रीन रीडरला लगेच वाचायला लावणारं ॲट्रिब्यूट) लावणारे बरेच बघितलेत, सहा फील्ड चुकली की सहाही मेसेज एकापाठोपाठ धडाधड वाचले जातात आणि ऐकणाऱ्याला एकही लागत नाही. फोकस पहिल्या चुकीवर नेलात तर त्याची गरजच पडत नाही. आणि नुसती बॉर्डर लाल करून भागत नाही, चूक शब्दांत सांगितलीच पाहिजे, डब्ल्यूसीएजी २.० मध्ये (साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली नियमावली), म्हणजे २००८ पासून, हा सगळ्यात खालच्या म्हणजे ए पातळीचा नियम आहे. कशी दुरुस्त करायची ते सुचवणं त्याच्या वरच्या डबल ए पातळीत येतं.

मेसेज कधी दाखवायचा हे मात्र तुमच्या हातात. पहिल्या अक्षरालाच 'ईमेल चुकीचा आहे' म्हणून अंगावर येऊ नका, माणूस अजून लिहितोय हो! फील्ड सोडून गेला की दाखवा, आणि एकदा दाखवलात की मग दर अक्षराला तपासून, बरोबर झाल्याक्षणी काढून टाका. सीएसएसमध्ये इनव्हॅलिड ऐवजी यूजर-इनव्हॅलिड वापरलंत तर पान उघडल्या उघडल्या सगळी फील्ड लाल दिसत नाहीत, माणसाने हात लावल्यावरच रंग येतो, २०२३ अखेरपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे ते.

प्रश्न : मराठी नावं भरताना आमच्या फॉर्मवर खूप तक्रारी येतात. पॅटर्नमध्ये आधी ए टू झेड होतं ते बदलून कुठल्याही भाषेतली अक्षरं चालतील असं केलं, तरी 'फक्त अक्षरे टाका' हाच मेसेज येतो. मोबाइल नंबरलाही लोक म्हणतात दहा आकडे टाकलेत तरी घेत नाही.

हा प्रश्न आला म्हणून बरं झालं, इंग्रजी ट्यूटोरियलमधून कॉपी केलेले पॅटर्न आपल्याकडे कुठे मार खातात ते ह्यात सगळं आहे.

तुम्ही बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात एल लिहिलं असणार. ते युनिकोडमधल्या अक्षरांना जुळतं, पण आपली काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नव्हेत, ती मार्क, त्यांचा वर्ग एम. म्हणजे 'कमल' पास आणि 'किरण' नापास, फक्त वेलांटीमुळे! एल आणि एम दोन्ही घ्या. तेवढ्यानेही बऱ्हाटे, कुऱ्हाडे मंडळी अडकतात कधीकधी, कारण तो अर्धा र लिहिताना काही कीबोर्ड मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, झिरो विड्थ जॉइनर, आणि ते एलही नाही, एमही नाही. माणसाला स्क्रीनवर नाव शंभर टक्के बरोबर दिसतंय आणि फॉर्म म्हणतोय फक्त अक्षरे टाका. तो काय करणार सांगा!

मोजणीचंही तसंच. मिनलेंथ, मॅक्सलेंथ आपल्या डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाहीत, आतले कोड मोजतात. 'ज्ञानेश्वर' दिसायला चार अक्षरं, ब्राउझरच्या मोजणीत दहा. म्हणून 'जास्तीत जास्त २० अक्षरे' असा मेसेज मराठी नावाच्या बाबतीत चक्क खोटा ठरतो. माझं स्पष्ट मत, नावाला पॅटर्न लावूच नका. ट्रिम करून रिकामं नाही ना एवढं बघा (रिक्वायर्ड हे बघत नाही, नुसती स्पेस दिली तरी त्याला चालतं), वरची मर्यादा ऐसपैस ठेवा आणि सोडून द्या. नावात काय चालतं हे ठरवणारे आपण कोण?

नंबरचं कारण वेगळं. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डी म्हणजे फक्त इंग्रजी आकडे, आणि मराठी कीबोर्डवरून माणूस ९८ असं देवनागरीत टाकतो. त्याने दहा आकडे टाकलेत हे खरंच आहे, मेसेज त्यालाच 'दहा आकडे टाका' सांगतोय. इथे मेसेज सुधारण्यात अर्थ नाही, तपासण्याआधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घ्या, मधल्या स्पेस आणि डॅश काढा, काम झालं. पॅटर्न ॲट्रिब्यूटने हे जमणार नाही कारण तो जे टाइप केलंय तेच तपासतो, म्हणून फील्डची व्हॅल्यू बदलून घ्या नाहीतर तपासणी स्वतःच्या फंक्शनमध्ये करा. सर्व्हर पायथनचा असेल तर अजून एक गंमत, तिथे बॅकस्लॅश डीला देवनागरी आकडे चालतात, म्हणजे ब्राउझर नाही म्हणतो त्याला सर्व्हर हो म्हणतो आणि डेटाबेसमध्ये दोन्ही लिपींची खिचडी. बदलून घेणं दोन्हीकडे करा. आणि मोबाइल नंबरला टाइप नंबर देऊ नका, त्यावर मॅक्सलेंथ चालतच नाही. टाइप टेल द्या, मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड त्यानेही येतो.

पॅटर्न लिहिताना एक बघाच. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येच, म्हणजे पॅटर्नमध्ये लिहिलेल्या त्या चिन्हांच्या नियमातच, चूक असेल तर ब्राउझर पॅटर्न गुपचूप सोडून देतो, कन्सोलला एक ओळ टाकतो, बस. आताचे ब्राउझर ह्या बाबतीत आधीपेक्षा कडक झालेत, चौकोनी कंसातला डॅश बॅकस्लॅशशिवाय लिहिला तरी काही ठिकाणी चूक धरतात. 'माझा पॅटर्न काहीही घेतोय' असं वाटलं तर पहिल्यांदा कन्सोल उघडा.

प्रश्न : जँगोमध्ये फॉर्म फील्डला एरर मेसेजेसची डिक्शनरी दिली, रिक्वायर्डसाठी मराठी वाक्य लिहिलं, तरी इंग्रजीच दिसतंय. लॅरव्हेलवाल्या मित्राचं चालतंय!

तुमचं वाक्य बरोबर आहे, त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाहीये. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आवश्यक फील्डच्या एचटीएमएलमध्ये आपणहून रिक्वायर्ड घालतो, त्यामुळे ब्राउझर दारातच अडवतो आणि स्वतःचा मेसेज दाखवतो, रिक्वेस्ट सर्व्हरला जातच नाही. टेम्प्लेटमधल्या फॉर्म टॅगला नोव्हॅलिडेट लावा, नाहीतर फॉर्म क्लासमध्ये यूज रिक्वायर्ड ॲट्रिब्यूट फॉल्स करा (शब्दांच्या मधे अंडरस्कोर, सगळं स्मॉल), तुमचं मराठी लगेच दिसेल. दोन फील्ड मिळून चूक असेल, सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेनंतरची वगैरे, तर क्लीन मेथडमध्ये ॲड एरर करून ती कुठल्या फील्डखाली दिसावी ते सांगता येतं.

मित्राने बहुतेक ब्लेडमध्ये, म्हणजे लॅरव्हेल ह्या पीएचपी फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये, रिक्वायर्ड लिहिलंच नसेल. लॅरव्हेलमध्ये फॉर्म रिक्वेस्टच्या मेसेजेस मेथडमध्ये 'ईमेल डॉट रिक्वायर्ड' अशी की देऊन वाक्य लिहायचं, किंवा सगळ्या साइटसाठी एकदाच लँग फोल्डरमधल्या मराठीच्या व्हॅलिडेशन फाइलमध्ये. तिथे कोलन ॲट्रिब्यूट लिहिलं की फील्डचं नाव भरलं जातं, पण मराठीत ते जपून वापरा. ':ॲट्रिब्यूट आवश्यक आहे' ठीक चालतं, ':ॲट्रिब्यूट चुकीचा आहे' म्हटलंत की 'जन्मतारीख चुकीचा आहे' असलं काहीतरी छापून येतं. लिंग-वचन लागणारी वाक्यं फील्डनुसार वेगळी लिहा, किंवा 'नीट भरा', 'तपासून पाहा' असली क्रियापदं वापरा जी कुणालाही चालतात.

प्रश्न : मेसेजमध्ये नेमकं काय लिहावं? आमचे सर म्हणतात 'अवैध नोंद' हे प्रमाण आहे.

सरांचा मान राखून सांगते, 'अवैध नोंद' वाचून कुणालाही काय करायचं ते कळत नाही. वर लेबल झाकून मेसेज एकटा वाचून बघा, त्यावरून फील्ड आणि उपाय दोन्ही समजले तर तो चांगला. 'अवैध दिनांक' ऐवजी 'जन्मतारीख आजच्या नंतरची आहे, वर्ष तपासा'. 'फाइल अमान्य' ऐवजी 'फोटो २ एमबीपेक्षा मोठा आहे, लहान करून टाका'. 'आवश्यक' ऐवजी 'पिनकोड लिहा'. 'तुम्ही चुकीची माहिती भरली आहे' असं बोट रोखून बोलायची गरज नाही, आणि 'अरेरे! काहीतरी गडबड झाली' हे लाडिक प्रकरण तर त्याहून नको, काय गडबड ते सांगा की.

मोघम ठेवायची एकच जागा, लॉगिन. तिथे 'हा ईमेल आमच्याकडे नाही' आणि 'पासवर्ड चुकला' असे वेगवेगळे मेसेज दिलेत तर बाहेरच्या कुणालाही कोणाचं खातं आहे नि कोणाचं नाही हे एकेक ईमेल टाकून काढता येतं. 'ईमेल किंवा पासवर्ड जुळत नाही', एवढंच. 'पासवर्ड विसरलात' च्या पानावरही तीच काळजी घ्या, लॉगिनला दार लावायचं आणि तिथे उघडं ठेवायचं असं पुष्कळ साइटवर असतं.

प्रश्न : यूजरनेम आधीच घेतलेलं आहे का हे टाइप करतानाच दाखवायचंय. दाखवतो, पण कधीकधी मोकळ्या नावालाही 'घेतलेलं आहे' येतं. आणि हे इथे तपासलं तर सर्व्हरला परत तपासायला लागतं का?

उत्तरं उलटसुलट येतायत. माणसाने आधी एक नाव टाकलं, मग दोन अक्षरं वाढवली, दोन रिक्वेस्ट गेल्या, दुसरीचं उत्तर आधी आलं, 'मोकळं आहे', आणि मागून पहिलीचं आलं, 'घेतलेलं आहे', ते त्याच्यावर बसलं. नवीन रिक्वेस्ट पाठवताना जुनी ॲबॉर्टकंट्रोलरने रद्द करा, किंवा सोपं म्हणजे उत्तर आल्यावर फील्डमध्ये अजून तेच नाव आहे का ते बघा, नसेल तर उत्तर फेकून द्या. दर अक्षराला रिक्वेस्ट नको, हात थांबला की अर्ध्या सेकंदाने पाठवा.

सर्व्हरला तपासायला लागतं, हो, सगळंच. ब्राउझरमधली तपासणी डेव्हटूल्समधून (एफ १२ दाबल्यावर उघडतं ते) रिक्वायर्ड पुसलं की गेली, आणि फॉर्मशिवाय थेट रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला तर ती दिसतही नाही. तुमच्याच कोडमध्ये कुठे फॉर्मचं सबमिट फंक्शन बोलावलं असेल तर तेही तपासणी न करताच पाठवतं, तिथे रिक्वेस्टसबमिट वापरा. यूजरनेमचं म्हणाल तर तुम्ही 'मोकळं आहे' दाखवलं आणि माणसाने सबमिट दाबलं ह्या मधल्या वेळात ते दुसऱ्याने घेतलेलं असू शकतं, म्हणून डेटाबेसच्या कॉलमवर युनिक लावा, तिथून आलेला एरर पकडा आणि ४२२ स्टेटसबरोबर (रिक्वेस्ट कळली पण माहिती चालत नाही, अशा अर्थाचा सर्व्हरचा कोड) त्याच फील्डखाली 'हे नाव नुकतंच घेतलं गेलं, दुसरं निवडा' म्हणून दाखवा, बाकी भरलेला फॉर्म न पुसता.